६६२ नावाची तबकडी

मुलांनो, एक कोडं घालते. गाण्याच्या तबकडीच्या एका बाजूवर किती खाचा असतात? माझ्या सातवीच्या वर्गात कुणी म्हणालं शंभर, कुणी म्हणालं हजार. एका मुलीनं तर चक्क भिंग मागितलं. उत्तर आहे, एक! बाहेरून आत गोल गोल जाणारी एकच लांबलचक खाच.

मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. मोठी तबकडी मिनिटाला ३३ पूर्णांक १/३ फेरे घेते. एक बाजू वीस मिनिटं वाजली, तर झाले सुमारे ६६७ फेरे. बाहेरचा फेरा मोठा, आतला लहान, म्हणून मधला धरला. त्याची त्रिज्या साधारण १० सेंटीमीटर, म्हणजे परीघ ६३ सेंटीमीटर. गुणाकार केला नि उत्तर आलं ४२० मीटर! शर्यतीच्या धावपट्टीची एक अख्खी फेरी आणि वर थोडं. इवलीशी सुई बसल्या जागी एवढं अंतर तोडते.

वर्गात नेलेली ती तबकडी माझ्या भाच्याची. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि गिटार वाजवतो. दिवाळीच्या सुट्टीत आला तो ही भलीमोठी चौकोनी पिशवी घेऊनच. म्हणाला, "मावशी, आजोबांचा प्लेअर सुरू करू या ना."

"राहू दे रे, बिघडला असेल तो," मी म्हटलं.

खरं सांगू? बिघडलाय की नाही, हे मी बघितलंच नव्हतं. बाबा २०२२ साली गेले, तेव्हापासून प्लेअरवर आईचं जुनं लुगडं पांघरलेलं होतं. बाबांचे नियम कडक होते. सुईला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आईनंसुद्धा नाही. बाजू संपेपर्यंत जागेवरून उठायचं नाही, गाणं आवडो न आवडो. बाजू संपली की बाबाच उठायचे आणि तबकडी उलटायचे. त्यांच्या नाट्यगीतांच्या तबकड्या खाली पेटीत होत्या, पण त्या लावायचा मला धीर होत नव्हता. ही मात्र नवी कोरी होती. हिच्यात कुणाच्या आठवणी नव्हत्या.

भाच्यानं लुगडं काढलं. आतला रबरी पट्टा सैल पडला होता आणि सुई झिजली होती. झिजलेली सुई नव्या तबकडीची खाच खरवडते, म्हणून आधी दोन्ही बदललं. त्यात सुट्टीचे चार दिवस गेले. तेवढ्यात त्यानं मला या तबकडीची सगळी कुळकथा ऐकवली.

तबकडीचं नाव '६६२'. आपल्याकडे फोनला नाशिकचा ०२५३ असतो ना, तसा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या उत्तर भागाचा हा कोड. गाणारा नि गिटार वाजवणारा आहे ख्रिस्टोन इंग्राम. सगळे त्याला 'किंगफिश' म्हणतात. तो १९९९ सालचा, आणि गंमत म्हणजे हा फोनचा कोडही त्याच वर्षी सुरू झाला! त्याचं गाव क्लार्क्सडेल. भोवती कापसाची सपाट शेतं. त्या शेतांवर आधी गुलाम म्हणून आणि १८६५ साली गुलामगिरी संपल्यावरही हलाखीत राबलेल्या कृष्णवर्णीय माणसांच्या गाण्यांतून जे संगीत घडलं, त्याला 'ब्लूज' म्हणतात. मडी वॉटर्स नावाचा थोर ब्लूज गायक या गावाजवळच्याच एका मळ्यावर राहायचा. १९४३ साली तो शिकागोला गेला. त्याच्या लाकडी झोपडीचे अवशेष आता क्लार्क्सडेलच्या 'डेल्टा ब्लूज म्युझियम'मध्ये जपून ठेवले आहेत.

हे म्युझियम रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे. तिथं नुसत्या वस्तू मांडलेल्या नाहीत बरं का, मुलांना ब्लूज शिकवायचे वर्गही चालतात. किंगफिश लहानपणी तिथलाच विद्यार्थी. तिथल्या मुलांच्या वाद्यवृंदात तो २०१४ साली थेट व्हाइट हाउसमध्ये जाऊन वाजवून आला. वय वर्षं पंधरा! '६६२' निघाली जुलै २०२१ मध्ये आणि पुढच्याच वर्षी तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

त्या गावाची एक दंतकथाही आहे. रॉबर्ट जॉन्सन नावाच्या वादकानं म्हणे चौरस्त्यावर मध्यरात्री सैतानाला आपला आत्मा विकला आणि बदल्यात गिटारची विद्या मिळवली. मास्तरणीला विचाराल तर सैतान वगैरे काही नाही, रोजचा रियाज असणार. पण गोष्ट फक्कड आहे, हे कबूल.

अखेर प्लेअर सुरू झाला. भाच्यानं आधी आवाज पूर्ण बंद केला आणि मला म्हणाला, "कान सुईजवळ ने." काय आश्चर्य! नुसत्या सुईतून बारीक, डासाएवढं गाणं ऐकू येत होतं. खाचेच्या दोन्ही भिंती नागमोडी कोरलेल्या असतात. सुई त्यांच्यामधून जाताना थरथरते आणि ती थरथर हाच आवाज. एक भिंत डाव्या स्पीकरची, दुसरी उजव्या.

मग आवाज मोठा केला आणि मी दचकलेच! आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोण रे हा, एवढा ओरडतोय?"

पहिली पाच मिनिटं मलाही तसंच वाटलं. मोबाईलवर असतं, तर सरळ पुढं ढकललं असतं. पण तबकडी पुढं ढकलायची म्हणजे सुई उचलायची, आणि सुईला हात लावायचा नाही, हे अंगात मुरलेलं! बसले तशीच. हळूहळू कान उघडले. तो एक ओळ गातो आणि गिटार तिला उत्तर देते. तार बोटानं बाजूला ओढून तो सूर वर चढवतो, अगदी सतारीवरची मींडच. गंधार धड शुद्धही नाही नि कोमलही नाही, दोन्हींच्या मधे कुठंतरी लोंबकळत ठेवतो. रडू येतंय पण रडायचं नाही, अशा वेळी आपला आवाज होतो ना, तसा तो सूर. आई पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती. काही बोलली नाही.

बाजू संपली. सुई शेवटच्या कोऱ्या खाचेत फिरत राहिली, खट्... खट्... खट्... आणि मुलांनो, मी चक्क वाट बघत बसले. आता बाबा उठतील आणि तबकडी उलटतील. आईही तिकडंच बघत होती. कोपऱ्यातली त्यांची खुर्ची रिकामी.

"मावशी, मी उलटू का?" भाच्यानं हळूच विचारलं.

"नको, मी उलटते," म्हणून मी उठले. सुई उचलताना हात थरथरला.

त्या रात्री भाच्यानं मला किंगफिशचं आणखी एक गाणं मोबाईलवर ऐकवलं, 'रॉक अँड रोल'. त्याची आई २०१९ च्या डिसेंबरात गेली. तो तेव्हा अवघा वीस वर्षांचा. आपल्या मुलाला संगीत मिळावं म्हणून तिनं काय काय सोसलं, त्याचं हे गाणं आहे. शब्द सगळे कळले नाहीत, भाच्यानं अर्थ सांगितला. मी दिवा मालवला आणि पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

सुट्टी संपल्यावर भाचा गेला. तबकडी मात्र इथंच ठेवून गेला. "आजोबांच्या प्लेअरवरच छान वाजते," म्हणाला.

गेल्या रविवारी मी बाबांची पेटी उघडली. प्रत्येक पाकिटावर त्यांच्या बारीक अक्षरात तारीख आणि किंमत. वरचीच एक काढली, मऊ फडक्यानं पुसली आणि लावली. आई खाली बसून लसूण सोलत होती. वीस मिनिटं आम्ही दोघी काही बोललो नाही. बाजू संपली, सुई खटखटायला लागली. मी उठणार, एवढ्यात आईच उठली. पदराला हात पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं ती सुई उचलली.