उद्योगनगरीचा पाहुणचार

पाहुणा म्हटला म्हणजे खर्च, ही आमची जुनी घरगुती समजूत. परंतु परिषदा, प्रदर्शनें व व्यापारी मेळावे भरवून आल्या-गेल्यावर शेंकडों कुटुंबें पोसण्याची विद्या आज जगांत चांगलीच रूढ झाली आहे. आणि पिंपरी-चिंचवडनेंही तिचे धडे गिरविण्यास आरंभ केला आहे. चिंचवडास ऑटो क्लस्टरचें प्रदर्शनगृह उभें आहे. मोशीच्या विस्तीर्ण प्रदर्शन-मैदानावर ‘किसान’ हें शेतकी प्रदर्शन भरत आलें आहे, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत तेथेंच संरक्षण-साहित्याचेंही प्रदर्शन झालें.

ही रीत आपल्याकडे अगदींच परकी आहे असें नाहीं. १८९० सालीं न्यायमूर्ति रानड्यांच्या पुढाकारानें पुण्यांत औद्योगिक परिषद भरली, तेव्हां पिंपरी हें एक खेडें होतें. त्या वेळीं चर्चा होती आणि कारखाने व्हावयाचे होते. आज भोसरीपासून चाकणपर्यंत कारखाने आहेत, आणि त्यांची कीर्ति सांगणारी चर्चा हवी आहे.

या कामीं जपानच्या उत्तरेकडील साप्पोरो शहराचें उदाहरण आम्हांस बोधप्रद वाटतें. तेथील हिवाळा म्हणजे बर्फाचे ढीग. १९५० सालीं शाळेंतील मुलांनीं एका बागेंत बर्फाच्या सहा मूर्ति केल्या. त्यांतून जो उत्सव वाढला त्यानें परदेशच्या लोकांना त्या गांवाची वाट दाखविली. १९७२ सालीं हिवाळी ऑलिंपिकही तेथेंच झालें. जी अडचण झांकावयाची, तीच या शहरानें भांडवल म्हणून पुढें केली.

मग पिंपरीचें बर्फ कोणतें? आमच्या मतें, तेलानें काळवंडलेले हात! सजविलेलीं दालनें कोणतेंही शहर पैसा टाकून बांधील. पण लोखंडाचा एक तुकडा भट्टींतून निघून, लेथवर तासला जाऊन, अखेर मोटारींत बसतो, हा सारा प्रवास थोड्या कोसांच्या आंत पाहावयास मिळणें ही दुर्मिळ गोष्ट आहे.

परंतु तो पाहुण्यास दिसतो काय? भोसरीस छोटें वर्कशॉप चालविणारे एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. प्रदर्शनांतील गाळ्याचें भाडें त्यांना कामगारांच्या पगाराशीं ताडून पाहावें लागतें. ते म्हणाले, “पाहुणा मांडवांतूनच परत गेला, तर माझ्या लेथपर्यंत कोण येणार?” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मोशीहून चाकणास जाणारा नाशिक रस्ता मालमोटारींनीं असा तुंबतो, कीं पाहुण्याचा उत्साह वाटेंतच आटावा. चाकणच्या विमानतळाचा बेतही मागेंच बारगळला व पुरंदरकडे गेला.

आतिथ्य मात्र या भूमीस कोणी शिकवावयास नको. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दरवर्षीं आकुर्डीस मुक्काम करते, आणि हजारों वारकऱ्यांच्या मुखीं घांस पडतो. २०१६ च्या जानेवारींत ८९ वें साहित्य संमेलनही पिंपरीनें मोठ्या थाटानें पार पाडलें. वारकऱ्याचें आदरातिथ्य करतांना येथील गृहस्थ त्याला अंगणांत थांबवीत नाहीं, घरांत नेतो. व्यापारी पाहुण्यालाही असेंच आंत न्यावें, एवढेंच आमचें मागणें आहे. मेळाव्याचें यश मोजतांना किती माणसें आलीं हें तर पाहावेंच. पण भोसरीच्या त्या लेथवर किती नवें काम आलें, हें आधीं पाहावें.