वखार हलवताना

व्यापारी घराण्यांत जुन्या वह्या सहसा टाकून दिल्या जात नाहीत. लाल कापडात बांधलेले गठ्ठे माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असतात आणि घर किंवा पेढी हलविण्याची वेळ आली म्हणजेच त्यांचा प्रश्न उभा राहतो. सगळे गठ्ठे न्यायचे, की चालू वर्षाचे तेवढे नेऊन बाकीचे तेथेच निकालात काढायचे? बँकेतील माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर माझ्यासमोर आला. त्या वह्या मात्र कागदाच्या नव्हत्या.

२०११ साली मी बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागात होतो. आमच्या संगणक केंद्रात एक मेनफ्रेम होती. आयबीएमने १९६४ च्या एप्रिल महिन्यात ‘सिस्टीम/३६०’ जाहीर केली, तिच्याच वंशातील हे यंत्र. बँकेची मोठी कामे तर ते करीत असेच, शिवाय आणखी एक जबाबदारी त्याच्यावर होती. निरनिराळ्या शाखांतील व कार्यालयांतील लहान सर्व्हरवरच्या माहितीची प्रत रोज रात्री गोळा करून ती चुंबकीय टेपच्या कार्ट्रिजवर साठविणे, ही ती जबाबदारी. या कामाच्या प्रणालीचे नाव टिव्होली स्टोरेज मॅनेजर. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती आमची वखार होती.

या वखारीत दोन गोष्टी असतात, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. एक म्हणजे प्रत्यक्ष टेप. दुसरी म्हणजे कोणत्या टेपवर कोठे काय ठेवले आहे याची सूची. एकाच कार्ट्रिजवर अनेक शाखांच्या अनेक फाइलींचे तुकडे पाठोपाठ लिहिलेले असतात. कपाटभर टेप शाबूत असल्या आणि सूची मात्र गेली, तर त्या टेपचा काही उपयोग राहत नाही. किर्द आहे पण खतावणी नाही, अशा दुकानापेक्षाही ही अवस्था वाईट. कारण किर्द निदान पहिल्या पानापासून वाचता तरी येते.

वखार हलविण्याचे कारण साधे होते. मेनफ्रेमच्या झेड/ओएस प्रणालीवर चालणारी या सर्व्हरची शेवटची आवृत्ती ५.५ ही होती. २००९ साली सहावी आवृत्ती आली, तिची सूची डीबी२ या डेटाबेसमध्ये ठेवली जाऊ लागली आणि त्या आवृत्तीचा सर्व्हर झेड/ओएसवर चालणारा नव्हता. शिवाय मेनफ्रेमचा वेळ महाग. रात्रभर प्रती गोळा करण्याच्या हमालीसाठी तो खर्च करावा, हे हिशेबात बसत नव्हते. तेव्हा एआयएक्स प्रणालीच्या नव्या सर्व्हरवर हे काम न्यावे, असे ठरले. त्यासाठी नेमलेल्या समितीत तपासणी विभागाचा प्रतिनिधी म्हणून माझे नाव आले. मी वाणिज्य शाखेचा माणूस. संगणकाच्या आतले मला फारसे कळत नव्हते. परंतु वही म्हणजे काय, हे कळत होते.

पहिल्याच बैठकीत मी भाबडेपणाने विचारले, “टेप उचलून नव्या यंत्रात घातल्या की झाले ना?” संगणक केंद्रातील तरुण अभियंता नम्रपणे म्हणाला, “नाही सर, नवा सर्व्हर त्या वाचणार नाही.” मग त्याने समजावून सांगितले. मेनफ्रेम आपल्या नोंदी एब्सिडिक नावाच्या संकेतलिपीत ठेवते. त्यात इंग्रजी मोठ्या ‘ए’ अक्षराला १९३ हा अंक, तर इतर यंत्रांच्या आस्की लिपीत त्याच अक्षराला ६५. सूचीची मांडणीही निराळी. म्हणून जुन्या सर्व्हरने स्वतःची टेप वाचावी, ते सारे नेटवर्कवरून नव्याकडे पाठवावे आणि नव्याने ते आपल्या टेपवर, आपल्या सूचीसह लिहून घ्यावे, हाच मार्ग होता. आपल्याकडे मोडी दप्तर देवनागरीत उतरवताना जसे करावे लागते, तसे.

खरा पेच येथून पुढे सुरू झाला. या प्रणालीत प्रतींचे तीन वर्ग असतात. प्रत्येक फाइलची अगदी ताजी प्रत ‘सक्रिय’, तिच्या आधीच्या प्रती ‘निष्क्रिय’, आणि ठरावीक वर्षांसाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवलेले ते ‘अर्काइव्ह’. काम घेणाऱ्या मंडळींचा प्रस्ताव असा, की सक्रिय प्रती तेवढ्या न्याव्यात. काही रात्रींत काम होईल, मेनफ्रेमवरील खर्च लवकर थांबेल आणि जुन्या टेप मोडीत काढता येतील. प्रस्ताव आकर्षक होता आणि वरिष्ठांचा कल त्याकडेच होता.

माझी हरकत दोन कारणांसाठी होती. पहिले कारण कायद्याचे. बँकांच्या दप्तर-जतनासंबंधी १९८५ चे नियम आहेत. त्यांनुसार काही दप्तर किमान पाच वर्षे आणि खातेवह्या, व्हाउचर यांसारखे दप्तर किमान आठ वर्षे सांभाळावे लागते. त्याशिवाय १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्टमध्ये पुढे कलम २अ घालण्यात आले. संगणकातून काढलेला उतारा न्यायालयात द्यायचा तर माहिती दुसऱ्या माध्यमावर कशी नेली आणि ती अचूक गेली याची पडताळणी कशी केली, हे संगणक प्रणालीच्या प्रभारी अधिकाऱ्याने प्रमाणपत्रात लिहून द्यावे लागते. वखार हलविण्याचे काम त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही. उद्या कोणीतरी त्याखाली सही करणार असतो.

दुसरे कारण माझ्या टेबलावरच्या एका फाइलीत होते. आमच्या एका शाखेतील व्यापारी पेढी दोन भावांत फुटली होती. कॅश क्रेडिट खात्यातील २००४-०५ सालच्या उचलीवरून दावा चालू होता आणि न्यायालयाने बँकेकडे खाते उतारा मागितला होता. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील पुरात त्या शाखेत पाणी शिरून छापील खातेवह्यांचा लगदा झालेला. त्या वर्षाचे खाते आता फक्त अर्काइव्ह टेपवर होते. धाकटे बंधू दर महिन्याला पत्र पाठवीत. त्यांच्या एका पत्रात एवढेच होते, की रकमेचे मला दुःख नाही, पण भावाने मला चोर म्हटले आहे आणि ते खरे की खोटे हे तुमची वही सांगेल.

ते पत्र मी समितीपुढे वाचून दाखविले. बराच वेळ चर्चा झाली आणि अखेरीस अर्काइव्हही न्यावे, मग महिने लागले तरी चालतील, असा निर्णय झाला.

पुढे तारखांचा प्रश्न निघाला. माहिती नव्या सर्व्हरवर घेताना दोन पर्याय असतात. मूळ तारीख तशीच ठेवावी, किंवा ज्या दिवशी माहिती आली त्या दिवसाच्या हिशेबाने तारखा पुढे सरकवाव्यात. मूळ तारीख ठेवली, तर ज्यांची आठ वर्षे भरत आली आहेत त्या नोंदी नव्या घरात पोचताच मुदत संपून पुसल्या जाण्याची भीती. तारीख सरकवली, तर मुदत आपोआप वाढते. काहींना दुसरा पर्याय सोयीचा वाटला. मी म्हटले, जुनी नोंद नव्या वहीत उतरवताना तिची तारीख बदलणारा मुनीम कोणती पेढी ठेवून घेईल? अखेर मूळ तारखा कायम ठेवल्या आणि दाव्याशी संबंधित शाखेच्या नोंदींना स्वतंत्र नियम लावून जतनाची मुदत वाढविली.

काम रात्री चाले, कारण दिवसा टेपची यंत्रे मोकळी नसत. दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि आकारमान जुळते की नाही, हे रोज सकाळी पाहिले जाई. परंतु जुळलेली बेरीज म्हणजे बरोबर लिहिलेली वही नव्हे. म्हणून प्रत्येक शाखेच्या काही खातेवह्या नव्या सर्व्हरवरून प्रत्यक्ष उघडून त्यांतील शिल्लक त्या वर्षाच्या ताळेबंदाशी पडताळण्याचा आग्रह मी धरला.

आणि नेमकी त्या पूरग्रस्त शाखेची एक टेप वाचता येईना. सुदैवाने दुसऱ्या शहरात ठेवलेल्या प्रतींचा एक संच होता. तेथून कार्ट्रिज मागविले, जुन्या सर्व्हरच्या सूचीवरूनच ते शोधले आणि त्यावरून हरवलेला भाग पुन्हा उभा केला. जुना सर्व्हर तोवर बंद केला असता, तर ते कार्ट्रिज हाती असूनही त्यात काय आहे हे कोणाला सांगता आले नसते. उतारा प्रमाणपत्रासह न्यायालयात गेला. त्यात काय निघाले हे सांगणे माझ्या पेशाला शोभणार नाही. दोन्ही बंधूंनी तो मान्य केला आणि आकड्यांवरून वाद उरला नाही, एवढे सांगतो. सर्व पडताळणी लेखी झाल्यावरच मेनफ्रेमवरील ती वखार बंद झाली.

आज आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत हिशेबाची जुनी प्रणाली जाऊन नवी येत आहे. बहुतेक ठिकाणी अखेरची शिल्लक तेवढी नव्यात नेतात आणि जुना संगणक भंगारात जातो. कंपनी कायद्याच्या कलम १२८ नुसार कंपन्यांना हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात; जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. कंपन्यांनी हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावी, असेही २०२२ पासून नियमांत आहे. पेन ड्राइव्हवर फाइल आहे म्हणून निश्चिंत राहू नये. ती उघडणारा प्रोग्राम आणि तो चालविणारे यंत्रही हवे.

यंदा दिवाळीत वहीपूजन झाल्यावर घरातील मुलांना एक काम सांगावे. पाच-सहा वर्षांपूर्वीचे एखादे खाते काढायला सांगावे, ते छापून घ्यावे आणि त्या वर्षाच्या ताळेबंदाशी स्वतः ताडून पाहावे. जुळले नाही, तर जुना संगणक अजून भंगारवाल्याला देऊ नये.