बर्फ, दिवे आणि बाबा

"वडील काय करतात?" फर्स्ट इयरला होस्टेलवर इंट्रो घेताना सीनियर्सनी विचारलेला प्रश्न. मी म्हणालो, "कोळसा कंपनीत आहेत." खोटं काहीच नव्हतं. पण ऐकणाऱ्यांनी बाबांना मनातल्या मनात टेबल-खुर्ची देऊन टाकली आणि मीही ती काढून घेतली नाही. बाबा चंद्रपूरला अंडरग्राउंड खाणीत कामगार आहेत, हे मी तीन वर्षं कोणालाच सांगितलं नाही. अगदी रूम पार्टनरलाही नाही!

आज हे लिहायचं धाडस होतंय ते एका संध्याकाळीमुळे.

झालं असं, की एक्स्चेंजमध्ये माझा नंबर लागला आणि एका सेमिस्टरसाठी मी जर्मनीला फ्रायबेर्गला गेलो. (नकाशात शोधताना बरेच जण फ्रायबुर्गला पोचतात, ते वेगळं!) साक्सनीतलं हे चाळीसेक हजार वस्तीचं गाव. ११६८ मध्ये इथे चांदी सापडली आणि गाव वसलं. १७६५ पासून इथे खाणकामाचं विद्यापीठ आहे. आपण पिरिऑडिक टेबलमध्ये घोकलेले इंडियम (१८६३) आणि जर्मेनियम (१८८६) याच गावात सापडले. म्हणजे माझ्या बॅकलॉगला हे गावही थोडं जबाबदार आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका शनिवारी लॅबमधला मित्र म्हणाला, "आज खाणकामगारांची परेड आहे, चल." बाहेर उणे सहा. सकाळपासून बर्फ पडत होता. ४७ डिग्रीत वाढलेला मी! दोन स्वेटर, त्यावर जॅकेट, पायात मोज्यांचे तीन जोड, अशा अवतारात निघालो. चार-साडेचारलाच अंधार झाला होता. रस्त्यावरच्या प्रत्येक खिडकीत दिव्यांची एक कमान लावलेली. मित्र म्हणाला, हिवाळ्यात खाणकामगार अंधारात खाली उतरायचे आणि वर यायचे तेव्हाही अंधारच असायचा. म्हणून इथे दिव्याचं एवढं वेड, असं जुनी माणसं सांगतात.

मी काहीच बोललो नाही. सकाळच्या पाळीला असताना बाबांचंही थंडीत उजाडायच्या आत निघणं असायचं.

चौकात ही गर्दी! आजोबांच्या खांद्यावर नातवंडं, बाबागाडीत गुंडाळलेली बाळं. मग लांबून ढोल ऐकू आले आणि गल्लीच्या तोंडाशी दिवे दिसायला लागले. आधी नुसते दिवेच. मग त्यांच्यामागे माणसं. काळे कोट, पांढऱ्या विजारी, डोक्यावर तुरा लावलेल्या टोप्या आणि कमरेला मागच्या बाजूला बांधलेला चामड्याचा तुकडा. ओल्या दगडावर बसायला आणि उतारावरून घसरत जायला तो लागायचा म्हणे. काहींच्या हातात मशाली, काहींकडे जुने खाणीतले दिवे : लाकडाची छोटी पेटी, आतून पितळी पत्रा, त्यात ज्योत. पत्र्यामुळे उजेड पुढे फेकला जातो. साधं रिफ्लेक्टर, पण काय डोकं लावलंय!

बर्फ पडतोय, बँड वाजतोय, आणि शेकडो माणसं दिवे घेऊन चालताहेत. गर्दी टाळ्या वाजवत होती. कोणासाठी? मंत्र्यासाठी नाही, हिरोसाठी नाही. खाणकामगारांसाठी!

शेजारच्या आजींनी मला कुडकुडताना पाहून विचारलं, कुठला तू? मी म्हणालो, भारतातला. आणि मग काय झालं कोणास ठाऊक, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे वडील बेर्गमान आहेत." बेर्गमान म्हणजे खाणकामगार.

आजींनी हातमोजा काढला. उघड्या हातानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "ग्ल्युक आउफ." खाणकामगार एकमेकांना हेच म्हणतात. खाली धातू सापडो आणि तू सुखरूप वर ये, अशा दोन्ही इच्छा त्यात आहेत.

डोळ्यांत पाणी आलं. थंडीमुळे, असं मित्राला सांगितलं.

मी तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजत आलेले. बाबा जेवून पडले होते, बाराची पाळी होती.

"काय करून राहिला रे बर्फात?"

मी कॅमेरा मिरवणुकीकडे फिरवला. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"किती जण उतरतात खाली?"

"कोणीच नाही बाबा. इथली खाण १९६९ लाच बंद झाली."

"मंग हे दिवे कायले?"

"आठवण म्हणून."

बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "चांगलं हाये. आपल्या इकडं दिवा जमा झाला म्हंजे माणूस वर आला, एवढाच हिशोब."

मित्रांनो, हा हिशोब तुम्हाला माहीत नसेल. खाली उतरताना लॅम्प रूममध्ये स्वतःच्या नंबरचं टोकन द्यायचं आणि टोपीचा दिवा घ्यायचा. वर आल्यावर दिवा द्यायचा, टोकन परत घ्यायचं. पाळी संपूनही एखादं टोकन तिथेच राहिलं, तर तो माणूस अजून खाली आहे. लहानपणी बाबांना यायला उशीर झाला की आई दारात का उभी राहायची, ते मला फार उशिरा कळलं. आणि कळल्यावरही मी होस्टेलवर "कोळसा कंपनीत" एवढंच सांगत होतो.

"ठेवतो आता, घडीभर पडतो," बाबा म्हणाले.

"बाबा, ग्ल्युक आउफ."

"कायचं काय?"

"काही नाही. सांभाळून जा."

मिरवणूक चौकात थांबली होती. सगळं गाव एका सुरात खाणकामगारांचं जुनं गाणं म्हणत होतं. मला शब्द येत नव्हते. नुसता उभा राहिलो, पाय बधिर होईपर्यंत.

परत आल्यावर होस्टेलवर पहिल्याच रात्री रूम पार्टनरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, मग एवढे दिवस बोलला का नाहीस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. या सुट्टीत तो माझ्याबरोबर चंद्रपूरला येतोय. बाबा त्याला लॅम्प रूम दाखवणार आहेत, साहेबांनी परवानगी दिली तर.