होतकरू

मराठीत ‘होतकरू’ या शब्दाइतका उदार शब्द दुसरा नसेल. जे अद्याप घडलेले नाही त्याचे श्रेय तो आगाऊ देऊन टाकतो. मात्र या औदार्यालाही मुदत असते. विशीतल्या मुलाला कोणी होतकरू म्हटले तर त्याच्या आईला धन्यता वाटते. पस्तिशीतल्या कारकुनाला तेच विशेषण लावले तर त्याने हसावे की रागवावे हे त्याला उमगत नाही. ही मुदत नेमकी कधी संपते, हा प्रश्न आम्हांला सरकारी नोकरीने पाडला नाही. तो पाडला एका खेळाने. आणि खेळही असा की आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या परिचयाचा असेल.

हा खेळ म्हणजे अमेरिकेचा बेसबॉल. तोही मैदानावरचा नव्हे, संगणकावरचा. मार्कुस हाइन्सोन नावाच्या जर्मन गृहस्थांनी निर्माण केलेल्या या खेळाचे नाव ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’. यात चेंडूला हात लावावा लागत नाही. आपण व्हायचे ते संघाचे व्यवस्थापक, आणि समोर दिसतात ते आकड्यांचे तक्ते. दिवसभर कचेरीत तक्ते पाहून घरी परतल्यावर पुन्हा तक्तेच उघडणाऱ्या पतीविषयी आमच्या सौभाग्यवतींचे काय मत आहे, ते प्रसिद्ध करण्याची ही जागा नव्हे.

आमचे मन या खेळात रमते ते सामने जिंकण्यापेक्षा पोरे वाढवण्यात. अमेरिकेतील प्रत्येक मोठ्या संघाच्या खाली लहान संघांची एक शिडी असते : नवशिक्यांचा संघ, मग सिंगल ए, हाय ए, डबल ए आणि ट्रिपल ए. दरवर्षी शाळा-महाविद्यालयांतील मुलांतून संघ आळीपाळीने निवड करतात आणि ही मुले शिडीच्या तळाशी येऊन उभी राहतात. संगणकातही तीच शिडी आहे. प्रत्येक मुलाबद्दल आपला पारखी दोन आकडे लिहून पाठवतो. मोजपट्टी २० पासून ८० पर्यंत, ५० म्हणजे मध्यम. पहिला आकडा तो मुलगा आज काय आहे याचा. दुसरा, तो पुढे काय होईल याचा. आमच्या वार्षिक मूल्यमापनातही दहापैकी गुण मिळतात, पण ते केलेल्या कामाचे. न केलेल्या कामाचे गुण देण्याचे धाडस सरकारला अद्याप झालेले नाही.

हा दुसरा आकडा फार मोहक आणि तितकाच बेभरवशाचा. प्रत्यक्षातल्या पारख्यांचाही अनुभव असाच आहे. १९६६ साली न्यूयॉर्क मेट्सने सबंध देशातून पहिली निवड केली ती स्टीव्ह चिलकॉट या कॅचरची. तो मुख्य स्पर्धेत एकही सामना खेळू शकला नाही. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला रेगी जॅक्सन पुढे ५६३ होम रन काढून गेला. उलट १९८८ साली ६२ व्या फेरीत, १,३९० व्या क्रमांकावर, माइक पियाझा या मुलाचे नाव पुकारले गेले. आणि तेही डॉजर्स संघाचे व्यवस्थापक टॉमी लसोर्डा हे त्याच्या वडिलांचे स्नेही होते म्हणून! पियाझाने ४२७ होम रन काढले आणि २०१६ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याला मानाचे स्थान मिळाले. गुणांची कदर वशिल्याने झाल्याचे हे उदाहरण आम्ही कचेरीत जपूनच सांगतो. आज ही निवड २० फेऱ्यांत आटोपते. ६२ वी फेरी उरलेलीच नाही.

पोरे वाढवण्याची कला म्हणाल तर साधीच आहे. मुलाला झेपेल त्या पायरीवर ठेवावे, रोज खेळवावे आणि वर चढवण्याची घाई करू नये. पण रोज खेळवायचे तर जागा हवी; आणि मैदानावर जागा नऊच. आमच्या डबल ए संघात दुसऱ्या बेसवर एक खेळाडू होता. एकविसाव्या वर्षी आम्ही त्याला निवडला तेव्हा त्याच्यापुढे ५५ चे भविष्य लिहिलेले होते. चोविसाव्या वर्षी त्याचे ४० झाले, सव्विसाव्या वर्षी ३५. त्याच सुमारास खालून वीस वर्षांचा एक पोर त्याच जागेसाठी वर आला. एकाला दाखवलेल्या धीराची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, हे तोवर आमच्या ध्यानात आले नव्हते.

आमच्या सेवेत काळ बेरीज करतो. बढती न मिळालेल्यालाही १०, २० आणि ३० वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळते. विभागीय परीक्षेला बसणारा पस्तिशीचा उमेदवार तरुणांतच मोडतो. बेसबॉलमध्ये काळ वजाबाकी करतो. डबल एमधला सव्वीस वर्षांचा खेळाडू म्हातारा समजतात. आणि हे म्हातारपण पुष्कळ वर्षे दारिद्र्यात गेले. २०२३ साली या लहान संघांतील खेळाडूंच्या संघटनेने पहिला सामुदायिक करार केला, तेव्हा कुठे डबल एमधील किमान वार्षिक वेतन १३,८०० डॉलरवरून ३०,२५० डॉलरवर गेले. या शिडीवरील बहुतेक जण वर कधीच पोहोचत नाहीत. पण त्यांच्यावाचून वर जाणाऱ्यांना खेळायला संघच उरणार नाही.

आम्ही जागा त्या वीस वर्षांच्या मुलाला दिली. जुना खेळाडू एक हंगाम बाकावर बसला. हंगाम सरल्यावर त्याच्याशी पुन्हा करार झाला नाही. काही दिवसांनी बातम्यांच्या यादीत एक ओळ आली : निवृत्त. त्या रात्री आम्ही त्याचे पान उघडून सगळी वर्षे वाचून काढली. तीन हंगाम तो दररोज उभा होता. त्याच्या शेजारी खेळलेला शॉर्टस्टॉप मुख्य संघात पोहोचला आहे. एकाच चेंडूवर दोघांना बाद करण्याचे त्याचे कितीतरी प्रसंग या गृहस्थाच्या हातांतून गेलेले असणार. भविष्याचा आकडा घसरत होता त्या वर्षांतही त्याचा आजचा आकडा जागच्या जागी होता. तो केव्हाच होतकरू उरला नव्हता. खेळाडू मात्र शेवटच्या दिवसापर्यंत होता.

संगणकात माणसे नसतात, हे आम्हांला कळते. तरीही पारख्याचा नवा अहवाल आला की अलीकडे आम्ही पहिला आकडा आधी वाचतो. विभागीय परीक्षेचा अर्ज यंदाही भरला आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोवर टेबलावरच्या फायली आजच्या आहेत.