बोगस

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये दिवसातून कितीतरी वेळा कानी पडणारा इंग्रजी शब्द म्हणजे ‘बोगस’. बिल बोगस, चेक बोगस, पार्टी बोगस. आणि आवडला नाही तर सिनेमाही बोगस! बोगस बियाणे, बोगस डॉक्टर असे छापताना मराठी वृत्तपत्रांनाही हा शब्द परका वाटत नाही.

त्याचा जन्म अमेरिकेतला. १८२७ च्या सुमारास ओहायो राज्यात खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राला हे नाव मिळाल्याचे शब्दकोशकार सांगतात. पुढे ते नाण्याला आणि मग प्रत्येक नकली वस्तूला चिकटले. आपल्या ‘खोट’ या शब्दाचे नातेही नाण्याशीच आहे. खोट म्हणजे धातूतील हीण, तसाच व्यापारातील तोटा. गुजराती घरांत तर तोट्याला आजही खोटच म्हणतात.

बँकेच्या खिडकीवर मात्र ‘बोगस’ हा शेरा चालत नाही. खात्यात रक्कम नसल्याने न वटलेला चेक बोगस नसतो. चेक खरा, सहीही खरी. पाळले गेले नाही ते वचन. त्यासाठी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम १३८ आहे, १ एप्रिल १९८९ पासून लागू. दुसऱ्याची सही गिरवलेला चेक ही सर्वस्वी निराळी गोष्ट. नकली नोट आढळल्यास तिच्यावर ‘काउंटरफिट नोट’ असा शिक्का मारून बँक ती जप्त करते, पण नोट आणणाऱ्यास पावतीही देते. ती त्याच्याकडे भाबडेपणाने आली असेल, ही शक्यता नियमाने मोकळी ठेवली आहे.

बाजारात ती राहत नाही. पुरवठादाराने माल दिला, पण कर वेळेवर भरला नाही, की खरेदीदाराचे इनपुट क्रेडिट अडकते आणि सायंकाळपर्यंत तो ‘बोगस पार्टी’ ठरतो. मालाशिवाय नुसते बिल फाडणारा आणि हा, दोघांना एकच विशेषण. पहिल्याचा गुन्हा जीएसटी कायद्याच्या कलम १३२ खालचा. दुसरा कदाचित केवळ अडचणीत असेल. पण उधारीवर चालणाऱ्या बाजारात हा शब्द फिरला की त्याला माल देणारे हात आखडतात.

उपासकदशांग सूत्रात श्रावकाच्या सत्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बोगस बिलाला तंतोतंत लागू पडणारा ‘कूटलेखकरण’ त्यांत शेवटचा. नकली माल खऱ्याच्या नावाने विकणे तर तिसऱ्या, अचौर्याच्या व्रतात येते. सत्यव्रताचा पहिला अतिचार आहे ‘सहसाभ्याख्यान’, म्हणजे विचार न करता एखाद्यावर दोष ठेवणे. प्रतिक्रमणात हे सारे म्हटले जाते; दुकानात फोन उचलताना किती आठवते, हा प्रश्न वेगळा.

पुरवठादाराने विवरणपत्र भरले की नाही, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक टाकून पाहता येते. त्यास दोन मिनिटे पुरतात.