कोनशिलेवरची शेवटची ओळ

वसमतला पुतळा उभा करायचा ठरला की मी आधी जमीन पाहतो. आमची काळी माती हळदीला मानवते, चौथऱ्याला मानवत नाही. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात आत जाईल अशा भेगा पडतात. वरवर खणून काँक्रीट भरलं तर काही वर्षांत चौथरा कलतो, आणि कललेल्या चौथऱ्यावर कितीही सुरेख पुतळा ठेवा, तो पडेलसा वाटत राहतो. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जावंच लागतं. समितीची मंडळी उंचीवर तासन्‌तास बोलतात. पायाच्या खोलीचा विषय बहुतेक वेळा मलाच काढावा लागतो.

उघड्यावरच्या शिल्पाला ऊन, पाऊस, कबुतरं आणि जयंतीचे हार, सगळं सोसायचं असतं. बाबासाहेबांचा पुतळा घ्या. उजवा हात उंचावलेला, डाव्या हाताशी संविधान. पाहणाऱ्यांचं लक्ष चेहऱ्याकडे आणि बोटाकडे जातं. मातीकाम करताना मी मात्र ग्रंथ आणि कोट यांच्यामधल्या खाचेपाशी रेंगाळतो. तिथे पाणी साचतं. मग धूळ बसते, पक्ष्यांची घाण बसते आणि नेमकं त्याच जागी ब्राँझ हिरवं पडायला लागतं. म्हणून त्या खाचेला बाहेरच्या अंगाने हलका उतार द्यायचा, खालून पाहणाऱ्याला कळूही नये इतका. उंचावलेल्या हाताचा भार खांद्यावर येतो, तिथे आतून आधार द्यायचा. आणि १४ एप्रिलला शिडी लावून हार घालायला चढलेला पोरगा त्याच हाताला धरून तोल सावरणार, हेही धरून चालायचं. त्याला अडवण्यात अर्थ नाही. पुतळा त्याच्यासाठीच तर आहे.

माती, प्लॅस्टरचा साचा, मेण आणि मग भट्टी. तांबं ८५ टक्के आणि जस्त, कथील, शिसं प्रत्येकी ५, हे मिश्रण आमच्या धंद्यात सर्रास चालतं. मोठा पुतळा तुकड्या-तुकड्यांनी ओतून वेल्डिंगने जोडतात. बाहेरून भरीव दिसला तरी आत तो पोकळ असतो, धातूची जाडी काही मिलिमीटरच. त्या पोकळीतला सांगाडा पुतळ्याला धरून ठेवतो. सांगाडा साध्या लोखंडाचा असेल आणि आत ओल पोचली, तर ब्राँझला टेकलेलं लोखंड एरवीपेक्षा कितीतरी लवकर गंजतं. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना लागले की लोखंडाचाच बळी जातो. म्हणून सांगाडा स्टेनलेस स्टीलचा हवा आणि तळाला पाणी निघून जायला भोकं हवीत. अनावरणाच्या फोटोत यातलं काहीच येत नाही.

मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. अनावरण ४ डिसेंबर २०२३ चं, म्हणजे पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. ती बातमी ऐकून शेडमधलं काम थांबलं, कुणाच्याही घशाखाली घास उतरेना. त्या आठवड्यात सगळा महाराष्ट्र विचारत होता, पुतळा केला कुणी? हाच प्रश्न ताठ उभ्या असलेल्या पुतळ्यांबद्दल आपण का विचारत नाही?

मुंबईत गेटवेसमोरचे अश्वारूढ महाराज सदाशिव साठे यांनी घडवले, १९६१ साली. संसदेच्या आवारात १९६७ साली बसलेला बाबासाहेबांचा पुतळा बी. व्ही. वाघ यांचा. पुण्यातल्या शिवाजी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा पुतळा नानासाहेब करमरकरांचा, १९२८ चा. घोडा आणि स्वार एकसंध ओतलेले! आज क्रेन आहे, आर्गन वेल्डिंग आहे, तरी ते धाडस मी करणार नाही. माझ्या लेखी महाराष्ट्रातलं ते सर्वांत थोर ओतकाम आहे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी तर उमेदवारीच्या काळात पुरातत्त्व खात्यात राहून वेरूळच्या लेण्यांतल्या मूर्तींच्या दुरुस्तीचं काम केलं. पुढे १८२ मीटरचे सरदार पटेल उभे केले. मराठवाड्याच्या दगडाने त्यांचा हात घडवला, असं मी मानतो.

आमच्या शेजारी औंढ्याला नागनाथाच्या मंदिराच्या बाहेरच्या अंगाला काळ्या दगडात केवढं काम आहे! शिकाऊ पोरांना मी तिथे घेऊन जातो, दगडातली वळणं बोटांनी समजून घ्या म्हणतो. ती कुणी कोरली, हे मला त्यांना सांगता येत नाही. ती उणीव आता भरून निघणार नाही. आजच्या पुतळ्यांचं मात्र आपल्या हातात आहे. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घेताना शिल्पकाराचं नाव कागदोपत्री येतं. कोनशिलेवर पाहुण्यांच्या नावांनंतर त्याला जागा उरत नाही, आणि भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या ओताऱ्याचं नाव तर कागदावरही क्वचितच असतं.

म्हणून वसमतच्या आणि गावोगावच्या पुतळा समित्यांना माझी विनंती आहे. कोनशिलेवरची शेवटची ओळ राखून ठेवा. शिल्पकाराचं नाव, ओताऱ्याचं नाव, धातू आणि साल, एवढंच तिच्यात लिहा. उद्या खांद्यापाशी तडा दिसला, तर कुणाला बोलवायचं ते त्या ओळीवरून कळेल.