एकसष्ट कळा की सत्त्याऐंशी?

मराठीतील ‘कळ’ हा शब्द मोठा चतुर आहे. यंत्र चालविण्यासाठी आपण दाबतो ती कळ आणि दुखऱ्या बोटातून निघते तीही कळच! २०२४ सालच्या पावसाळ्यात या दोन्ही कळांची माझ्या उजव्या हातात गाठ पडली. धर्मग्रामाचे दाखले, पत्रव्यवहार, रविवारच्या सूचना आणि अधूनमधून असा एखादा लेख, हे सारे मी स्वतःच टंकलिखित करतो. जुलैपासून करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट सकाळच्या वेळी वाकेनासे झाले. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मला त्यांच्याच टेबलावर चार ओळी टाइप करून दाखवायला सांगितल्या. दोन ओळी होताच ते हसून म्हणाले, “फादर, तुम्ही टाइप करीत नाही, खिळे ठोकता.”

खिळे ठोकण्याची ही सवय १९८८ सालची. बारावीची परीक्षा झाली आणि सेमिनरीत दाखल होण्यापूर्वी मधले काही महिने रिकामे होते. वडिलांनी मला तालुक्याच्या गावी टंकलेखनाच्या वर्गात घातले. मिनिटाला तीस शब्दांची शासकीय परीक्षा हे ध्येय. यंत्र गोदरेजचे, देवनागरी. गोदरेज कंपनीने १९५५ साली मुंबईत भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले आणि २००९ साली त्यांचे उत्पादन थांबविले. मधल्या अर्धशतकात कचेऱ्यांतून, न्यायालयांच्या आवारांतून आणि गल्लीबोळांतील वर्गांतून ज्यांची बोटे त्या यंत्रांवर घडली, त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. कळ दाबली की लोखंडी दांडा उचलला जाई आणि फितीवर आपटे. कार्बनच्या तीन प्रती हव्या असतील तर आघातही तसाच हवा. ते यंत्र गेले, परंतु त्याचा आघात माझ्या बोटांत राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून माझा पुतण्या आला. तो संगणक क्षेत्रात आहे. मलकापूर स्थानकावर उतरून, राजूर घाट चढून आलेल्या त्या पोराच्या पिशवीत फराळाच्या डब्याखाली तीन कळफलक निघाले. माझ्या गुरुदीक्षेला त्या वर्षी पंचवीस वर्षे झाली होती. भावंडांनी मिळून भेट द्यायचे ठरविले होते, आणि निवड माझ्यावर सोपविली होती.

“फादरकाका, हे मेकॅनिकल आहेत,” तो म्हणाला. नेहमीच्या स्वस्त कळफलकात सर्व कळांखाली रबराचा एक पडदा असतो. कळ पार तळापर्यंत दाबल्याखेरीज अक्षर उमटत नाही. मेकॅनिकल कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच आणि त्यात स्प्रिंग असते. कळ एकूण सुमारे चार मिलिमीटर खाली जाते, पण दोन मिलिमीटरवरच अक्षराची नोंद होते. म्हणजे अर्ध्या वाटेवर बोट उचलले तरी चालते. माझ्या दुखण्याला हाच उपाय होता, अर्थात बोटांना तो शिकवावा लागणार होता.

या स्विचांना रंगांची नावे आहेत. जर्मनीतील चेरी कंपनीने १९८०च्या दशकात आणलेल्या स्विचांवरून ती रूढ झाली. निळा दाबला की टिक् असा आवाज करतो. तपकिरी आवाज करीत नाही, परंतु अर्ध्या वाटेवर बोटाला बारीकसा अडथळा जाणवतो. तांबडा सरळ, गुळगुळीत खाली जातो. निळ्याचा आवाज आपल्या कानांना नवा नाही. बँकांतून व सरकारी कार्यालयांतून टीव्हीएस गोल्ड नावाचा जो लांबलचक कळफलक वर्षानुवर्षे खडखडत आला, त्यात हाच निळा स्विच असे. आमच्या कार्यालयाची भिंत आणि प्रार्थनामंदिराची भिंत एकच आहे. पुतण्याने निळा चालवून पाहिला तेव्हा पलीकडे रोझरीची प्रार्थना सुरू होती. ती संपल्यावर एका आजींनी माझ्यापाशी येऊन, आत एवढ्या सुपाऱ्या कोण फोडत होते, अशी चौकशी केली. निळ्याचा निकाल तिथेच लागला. तांबड्यावर माझे बोट पूर्वीप्रमाणेच तळाला जाऊन आदळे. तपकिरीचा अडथळा मात्र बोटाला वेळीच ‘पुरे’ म्हणून सांगत असे. तेव्हा स्विच ठरला.

राहिला प्रश्न आकाराचा. आमच्या टेबलाची एक बाजू नोंदवह्यांच्या कपाटाला आणि दुसरी भिंतीला लागलेली आहे. पूर्ण आकाराच्या कळफलकावर १०४ कळा असतात आणि त्याची लांबी चव्वेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास भरते. उजवीकडील आकड्यांच्या वेगळ्या चौकटीमुळे माउस दूर जातो, आणि दर वेळी हात लांबवून खांदा भरून येतो. म्हणून लहान कळफलकांचा विचार. लहान म्हणजे कळा लहान नव्हेत, हे मलाही तेव्हाच उमगले. कळांचा आकार आणि त्यांतील अंतर तेच राहते. कमी होते ती कळांची संख्या. पुतण्याने आणलेल्यांपैकी एकावर सत्त्याऐंशी कळा होत्या. त्यात फक्त आकड्यांची चौकट नव्हती. दुसऱ्यावर एकसष्ट होत्या. त्यात बाणांच्या कळाही नव्हत्या. तिसरा तर तळहाताएवढा वाटे, जेमतेम चाळीस-पंचेचाळीस कळांचा.

पुतण्याने प्रत्येकावर एक इंग्रजी वाक्य झरझर टंकित करून दाखविले. मी म्हटले, “बाळा, मला जे लिहावे लागते ते लिहून पाहू.” मी इन्स्क्रिप्ट पद्धतीने लिहितो. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, अशी ही मांडणी १९९१ सालच्या भारतीय मानकात समाविष्ट झाली. तिच्यात ‘ढ’ हे अक्षर रोमन ‘पी’च्या उजवीकडच्या कळीवर आहे, ‘कृ’मधील ऋकाराचे चिन्ह आकड्यांच्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर आहे आणि ‘कॅ’वरील अर्धचंद्र दोनच्या आकड्यावर. सर्वांत लहान कळफलकावर या तीनही कळा नव्हत्या. म्हणजे तेथे ‘बुलढाणा’ लिहिता येईना, ‘कॅथलिक’ लिहिता येईना आणि ‘कृपा’ही लिहिता येईना! ‘वऱ्हाड’ही लिहिता आले नाही. त्या अक्षरांसाठी एक मदतकळ दाबून दुसरी कळ दाबायची, असा मार्ग होता. परंतु कृपेसाठी दर वेळी आडवाट धरणारा धर्मगुरू काय कामाचा? तो कळफलक पिशवीत परत गेला.

एकसष्ट कळांवर ही सारी अक्षरे होती. त्यात नसलेल्या एस्केपशेजारच्या कळीची मराठीला गरजच नाही. बाण मात्र मदतकळीखाली दडलेले. तो कळफलक जेमतेम तीस सेंटिमीटरचा, हाताला घट्ट, दिसायला देखणा. खरे सांगायचे तर माझा जीव त्याच्यावर जडला. पुतण्याने त्यात आणखी एक गोष्ट सांगितली. टोकियो विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ एइती वादा यांच्या कल्पनेतून १९९६ साली जपानमध्ये साठ कळांचा एक प्रसिद्ध कळफलक निघाला. वादा यांचे म्हणणे असे की, वाळवंट ओलांडताना अमेरिकेतील गुराख्याचा घोडा मेला तर तो घोडा तेथेच सोडतो, परंतु खोगीर खांद्यावर घेऊन चालू लागतो. संगणक हा घोडा आणि कळफलक हे खोगीर. बदल्यांवर बदल्या होत असलेल्या धर्मगुरूच्या मनाला ही उपमा न भिडली तरच नवल! आपण जेथे जाऊ तेथे हे खोगीर नेऊ, असे मी मनाशी ठरविले आणि एकसष्ट कळांचा कळफलक ठेवून घेतला.

पंधरवड्यात माझी बोटे त्याला सरावली. तपकिरी स्विचने हातही हलका होऊ लागला. पण कार्यालयात मी एकटाच बसत नाही. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी शासकीय संगणक टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करीत असते. दुपारी ती सराव करते आणि कार्यालयाचे थोडे कामही करते. नोव्हेंबरमध्ये मोताळ्याकडील एका खेड्यातून एक शेतमजूर आपल्या मुलीचा स्नानसंस्काराचा दाखला न्यायला आले. लग्न शेजारच्या जिल्ह्यात, आगमनकाळ सुरू होण्यापूर्वी व्हायचे होते. त्यापूर्वी तीन रविवार घोषणा व्हावयाच्या. मी एका आजाऱ्याकडे गेलो होतो. मुलीने दाखला टंकित केला, एक चूक दिसली, ती दुरुस्त करण्यासाठी मागे जायला बाण शोधला. बाण नाही. मदतकळीबरोबर काहीतरी दाबताना आईच्या नावातले पहिले अक्षर पुसले गेले आणि नाव दुसऱ्याच बाईचे झाले. मी घाईने परतलो, त्यांची बस निघायची होती. न वाचताच सही केली, शिक्का मारला.

पुढच्या आठवड्यात ते गृहस्थ पुन्हा दारात उभे राहिले. शाळेच्या दाखल्यावरील आईचे नाव आणि आमच्या दाखल्यावरील नाव जुळेना, म्हणून तिकडच्या फादरांनी कागद परत पाठविला होता, आणि त्यांनी योग्यच केले होते. ऐन कापूस वेचणीचे दिवस. दोन फेऱ्यांत दोन दिवसांची मजुरी आणि बसभाडे गेले. ते रागावले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून, हातातला कागद सरळ करीत एवढेच म्हणाले, “फादर, माह्या बायकोचं नाव तुमच्या मशीनले जड झालं काय?”

मुलगी रडवेली झाली. चूक तिची नव्हती, हे मी तेथेच, त्यांच्यासमोर सांगितले. मी तिकडच्या फादरांना फोन केला, त्यांनी माझ्या शब्दावर घोषणा केली आणि लग्न ठरल्या दिवशी पार पडले. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून जाईना.

त्या रात्री मला फादर थॉमस स्टीफन्स आठवले. गोव्यातील या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने १६०८ साली आपल्या वरिष्ठांना रोमला पत्र लिहिले होते. या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापावीत ही त्यांची फार दिवसांची इच्छा. अडचण अशी की, त्यासाठी सुमारे सहाशे साचे लागत. युरोपातील लिपीला दोन डझन पुरत. आपल्या एका कुशल बंधूने ही संख्या दोनशेपर्यंत खाली आणली आहे, असे त्यांनी आनंदाने कळविले. तरीही ते खिळे काही पडले नाहीत. १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे रोमन अक्षरांतच छापून निघाले. सहाशेचे दोनशे करणाऱ्या त्या बंधूलाही माझ्यासारखाच प्रश्न पडला असेल : काय गाळावे आणि काय गाळू नये?

पुढे टंकलेखन यंत्रात ती चिन्हे नव्वदीच्या आसपास आली. अर्धी अक्षरे निराळी, त्यांना काना जोडून ती पुरी करायची, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी मारायची. हा सगळा भार टंकलेखकाच्या बोटांवर होता. संगणकाने तो स्वतःकडे घेतला. आज आपण ‘क’, हलन्त आणि ‘ष’ दाबतो आणि ‘क्ष’ तो घडवितो. वेलांटी उच्चाराच्या क्रमाने मागाहून दाबतो आणि जागेवर तो बसवितो. कळा कमी झाल्या, पण लिहिणाऱ्याचे ओझेही कमी झाले. माझ्या देखण्या कळफलकाने उलटे केले होते. कळा कमी केल्या आणि त्यांचे ओझे पुन्हा माणसाच्या स्मरणावर टाकले. माझे स्मरण ते पेलत होते, म्हणून मला ते हलके वाटले. मुलीला ते पेलवले नाही, आणि त्याची किंमत तिसऱ्याच माणसाने कापसाच्या वेचणीतून भरली. लहान वस्तू वापरली म्हणजे साधेपणा आला, असे आपण धर्मगुरू फार लवकर समजतो. गाळलेल्या गोष्टीचा भार कोणावर पडतो, हे आधी पाहावे.

दुसऱ्याच दिवशी मी पुतण्याला फोन करून तो कळफलक परत घ्यायला सांगितले आणि सत्त्याऐंशी कळांचा, तपकिरी स्विचचाच, मागविला. तो सुमारे छत्तीस सेंटिमीटरचा आहे. टेबलावर बसतो, माउस जवळ राहतो आणि बाण डोळ्यांसमोर असतात. वाचकहो, आपल्या घरी मुलांसाठी असा कळफलक घेणार असाल तर एवढेच सांगेन : आधी टेबल मोजा, मग आपले नाव, आपल्या गावाचे नाव आणि घरातील सर्वांची नावे त्यावर लिहून पाहा. देवनागरी अक्षरे बहुधा कोरलेली नसतात, त्यांची चिकटचित्रे मिळतात. मूल परीक्षेची तयारी करीत असेल तर परीक्षेच्या खोलीत जो साधा कळफलक मिळणार, त्याच्याशी मिळताजुळता घ्या. आणि घरात प्रार्थना होत असेल तर निळा स्विच टाळा.

तो एकसष्ट कळांचा कळफलक मला अजून आठवतो, हे नाकारीत नाही. माझी बोटे आता बरी आहेत. खिळे ठोकणे पुष्कळ कमी झाले आहे, आणि दाखल्यावर सही करण्यापूर्वी आईचे नाव मी मोठ्याने वाचतो. माझी बदली केव्हातरी होईल. हा कळफलक भावंडांनी मला दिला असला तरी धर्मग्रामाच्या मालमत्तेच्या यादीत, कपाट, टेबल आणि दोन खुर्च्यांच्या खाली, माझ्या हाताने त्याची नोंद केली आहे : कळफलक, एक, सत्त्याऐंशी कळा.